दवाखान्याच्या खर्चाचा देशभराचा हिशोब: एनएसएसच्या ७५व्या फेरीचा डेटा वापरताना

सोलापूरच्या एका कॉलेजात मी एम.एस्सी.ला संख्याशास्त्र शिकवते. नमुना सर्वेक्षणाचा पेपर माझ्याकडे आहे, आणि प्रॅक्टिकलला मी गेली काही वर्षं एकच डेटा वापरते: राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या, म्हणजे एनएसएसच्या ७५व्या फेरीतला आरोग्याचा. मोबाइलपासून मिसळीपर्यंत सगळ्याचं परीक्षण आपण वाचतो. हा डेटा आपल्याच कराच्या पैशातून गोळा झालाय, कुणालाही फुकट मिळतो, आणि घरात आजारपण आलं की पैसा कुठे जातो याबद्दल इतकं बारीक सांगणारं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही. तरी तो प्रत्यक्ष वापरून कसा वाटला हे मराठीत कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. पत्रकार, आरोग्यावर काम करणाऱ्या संस्था, एम.ए.चे विद्यार्थी, कुणीही तो वापरू शकतं, म्हणून हे सविस्तर लिहिते.

जुलै २०१७ ते जून २०१८ या वर्षभरात ८,०७७ गावं आणि ६,१८१ शहरी ब्लॉक निवडून १,१३,८२३ कुटुंबांकडून ही माहिती घेतली. माणसं मोजली तर ५,५५,११५. प्रश्नावलीचं नाव शेड्यूल २५.०. गेल्या ३६५ दिवसांत घरातलं कोण ॲडमिट झालं, गेल्या १५ दिवसांत कोण आजारी होतं, कुठे दाखवलं, किती खर्च झाला, पैसे कुठून आणले, हा त्याचा गाभा. छापील अहवाल आहेच, क्रमांक ५८६, पण खरी चीज आहे ती युनिट लेव्हल डेटा, म्हणजे नावं-पत्ते काढून टाकलेली एकेका कुटुंबाची, एकेका माणसाची, एकेका ॲडमिशनची नोंद. सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर ईमेलने नोंदणी करायची, कशासाठी हवाय ते लिहायचं आणि उतरवून घ्यायचा.

फायली उघडल्या की पहिल्यांदा घाबरायला होतं. शीर्षक नाही, स्वल्पविराम नाही, नुसत्या आकड्यांच्या लांबच लांब ओळी. सोबत एक्सेलमध्ये लेआउट असतो, कितव्या अक्षरापासून कितव्या अक्षरापर्यंत काय आहे ते सांगणारा. तो हाताशी ठेवून आर किंवा स्टाटा या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल वाचायची. काही फेऱ्यांसाठी नेस्टार नावाचा जुना प्रोग्राम लागतो आणि तो विंडोजवरच चालतो. कॉलेजच्या लॅबमध्ये ते निभावतं. एकट्याने घरी बसून करणाऱ्याचे पहिले दोन-तीन दिवस यातच जातील, त्याची मनाची तयारी ठेवा.

त्यानंतरची पायरी वेटची, म्हणजे नमुन्यातली एक नोंद देशातल्या किती जणांच्या जागी धरायची त्या भाराची, आणि इथे मी मुलांचा एक अख्खा तास घेते. वर्षभरात किती टक्के लोक ॲडमिट झाले, हा साधा आकडा आधी वेट न लावता काढायला सांगते. उत्तर खऱ्यापेक्षा कितीतरी पट मोठं येतं. मुलं कोड तपासत बसतात. कोड बरोबरच असतो. प्रत्येक गावातून किंवा ब्लॉकमधून आठ कुटुंबं घेतलेली आहेत: दोन, ज्यांच्या घरात वर्षाच्या आतलं बाळ आहे अशी, चार, ज्यांच्या घरात वर्षभरात कुणी ॲडमिट झालंय अशी, आणि उरलेल्यांतली दोन. ॲडमिट होणं ही तशी क्वचित घडणारी गोष्ट, सरसकट घरं निवडली असती तर अभ्यासाला पुरेशा केसेस मिळाल्याच नसत्या, म्हणून हा मुद्दाम केलेला कल. तो सरळ करायला मल्टिप्लायर, म्हणजे वेट काढायचा गुणक, दिलाय. फाइलमधले एनएसएस (इथे हे नुसतं कॉलमचं नाव) आणि एनएससी हे दोन कॉलम सारखे असतील तर मल्टिप्लायरला १०० ने भागायचं, नसतील तर २०० ने. एवढं केलं की बाळंतपणं सोडून ॲडमिट झालेल्यांचं प्रमाण अहवालातल्यासारखं २.९ टक्क्यांवर येतं. मुलांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान दिसतं, त्यासाठी तरी हा डेटा वर्गात आणावा. पुस्तकात स्तरित, म्हणजे आधी गट पाडून केलेली, नमुना निवड वाचणं आणि ती न समजल्यामुळे देशाचा आकडा चुकलेला डोळ्यांसमोर बघणं, यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

आता खर्चाकडे येऊ. हा भाग मला मनापासून आवडतो. बाळंतपण सोडून एका ॲडमिशनचा सरासरी वैद्यकीय खर्च देशात २०,१३५ रुपये. सरकारी दवाखान्यात ४,४५२, खासगीत ३१,८४५. ही तुलना पेपरात अनेकदा येते आणि तिथेच थांबते. डेटा हातात घेतला की पुढचे प्रश्न विचारता येतात. शेड्यूलच्या सातव्या भागात खर्च एकगठ्ठा विचारलेला नाही. डॉक्टरची फी वेगळी, औषधं वेगळी, तपासण्या वेगळ्या, बेडचं भाडं वेगळं, रक्त, ऑक्सिजन वगैरे वेगळं. मग पेशंटला न्यायला-आणायला गाडीचा खर्च वेगळा, आणि सोबतच्या माणसाचं जेवण, राहणं, येणं-जाणं हा आणखी वेगळा.

हा शेवटचा रकाना ज्याने ठेवला त्याला दंडवत. सोलापूरच्या दवाखान्यांत अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर, पार इंडी-विजापूरकडून पेशंट येतात. एक माणूस ॲडमिट असला तरी दोन माणसं सोबत असतात, डबा संपला की बाहेर खातात, रात्री जिन्याखाली झोपतात, आणि तिकडे घरी त्यांचा रोज बुडतो. बुडालेल्या कमाईचाही रकाना आहे. मोफत उपचार म्हणतात तेव्हा नेमकं काय मोफत होतं, हे या दोन रकान्यांशिवाय कळायचं नाही.

दुसरा एक रकाना सहाव्या भागात आहे आणि त्याच्याकडे अभ्यासकांचंही कमी लक्ष जातं. ॲडमिट असताना ऑपरेशन, औषधं, एक्स-रे आणि इतर तपासण्या मिळाल्या का, आणि मिळाल्या तर मोफत, काही अंशी मोफत की पैसे देऊन, हे प्रत्येकाचं वेगळं विचारलंय. सरकारी दवाखान्यात खाट फुकट आणि चिठ्ठी मात्र बाहेरच्या मेडिकलची, हा अनुभव आपल्यातल्या बहुतेकांच्या घरात कुणी ना कुणी घेतलेला असतो. तो अनुभव राज्याराज्यांत किती वेगळा आहे, हे या एका रकान्यातून काढता येतं. तामिळनाडूने १९९५ पासून सरकारी औषध खरेदीसाठी वेगळं महामंडळ चालवलंय. तिथली औषधांची ओळ आणि आपली ओळ शेजारी ठेवून बघा. माझ्या एका विद्यार्थिनीने याच्यावर प्रकल्प केला आणि तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर अर्धा तास तिच्याशी त्यावरच बोलत होते.

एक सावधगिरी मात्र सांगते. खासगीत हल्ली पॅकेज असतं. मोतीबिंदू इतके, सिझर इतके. अशा केसमध्ये सगळी रक्कम पॅकेजच्या रकान्यात जाते आणि औषधं, फी, तपासण्या यांच्या रकान्यांत पॅकेजबाहेरचं तेवढंच उरतं. एकूण खर्चात औषधांचा वाटा किती हे काढताना पॅकेजच्या केसेस तशाच ठेवल्या तर खासगीतली औषधं फारच स्वस्त दिसतात. या केसेस वेगळ्या करा. सरासरीच्या शेजारी मध्यकही, म्हणजे सगळी बिलं चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडाही, छापा, कारण थोड्या फार मोठ्या बिलांनी सरासरी वर खेचली जाते.

मयत माणसांचंही बघा. वर्षभरात घरातलं जे माणूस गेलं, ते जाण्याआधी ॲडमिट होतं का, किती खर्च झाला, हेही या सर्वेक्षणात घेतलंय. पण त्यांची माणूस म्हणून नोंद पाचव्या भागात आहे, घरातल्या हयात सदस्यांच्या चौथ्या भागात नाही. वय, शिक्षण जोडून घ्यायला चौथ्या भागाशी फाइल जोडली की या केसेस गुपचूप गळतात. आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च हाच तर घराला सर्वांत जड जाणारा खर्च. फाइल जोडण्याआधी आणि नंतर नोंदी मोजा, एवढीच काळजी पुरते.

पैसे कुठून आणले याचं उत्तर ग्रामीण भागात सुमारे ८० टक्के ठिकाणी घरची कमाई किंवा शिल्लक आणि १३ टक्के ठिकाणी कर्ज. शहरात ८४ आणि ९. हे आकडे वापरा, पण हलक्या हाताने. मुख्य स्रोत आणि दुसरा स्रोत एवढंच विचारलंय. व्याज किती, फेड कधी, हे नाही. शिवाय मामाने दिलेले तीस हजार परत करायचे की नाही, हे घरात कधी ठरलेलंच नसतं. त्या पैशांना कर्ज लिहायचं की नातेवाइकांची मदत, हे त्या दिवशी उत्तर देणाऱ्याच्या मनावर आणि लिहून घेणाऱ्याच्या घाईवर अवलंबून राहतं.

विमा संरक्षणाच्या बाजूला आलं की माझं मत बदलतं. अहवाल सांगतो की ग्रामीण भागात सुमारे ८६ टक्के आणि शहरात ८१ टक्के लोकांना आरोग्यखर्चासाठी कुठल्याच योजनेचा आधार नव्हता. हा आकडा फार ठिकाणी उद्धृत झालाय. तो वापरण्याआधी प्रश्न कसा विचारलाय ते बघा आणि मग आपल्या घरात तो प्रश्न विचारून बघा.

मी मुलांना हे करायला लावते. शेड्यूलचा मराठी अनुवाद आम्हीच वर्गात करतो आणि प्रत्येकाने आपापल्या घरचं शेड्यूल भरून आणायचं. मंगळवेढा तालुक्यातला एक मुलगा भरून आला. विम्याच्या रकान्यात सगळ्या सदस्यांपुढे 'नाही'. सहाव्या-सातव्या भागात आजीची ॲन्जिओप्लास्टी होती आणि दवाखान्याचा खर्च जवळपास काहीच नव्हता. मी विचारलं, हे कसं? तो म्हणाला, "मॅडम, ते योजनेत झालं." मग विमा 'नाही' का लिहिला? "आईला विचारलं, ती म्हणाली आमचा कुठला विमा नाही. विमा म्हणजे हप्ता भरावा लागतो की." घरात केशरी रेशनकार्ड होतं. त्याच कार्डावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून आजीचं ऑपरेशन झालं होतं. त्याच्या आईने खोटं काही सांगितलं नव्हतं. तिच्या हिशोबात रेशनकार्ड हे रेशनकार्ड, आणि विमा म्हणजे बंधूंच्या एलआयसीसारखं काहीतरी.

आपल्या राज्यात ही अडचण अधिक आहे आणि त्याला कारण योजनेची रचना. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. पात्रता होती पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावर. आधी नाव नोंदवा, कार्ड घ्या असं काही नव्हतं. आजारी पडलात, यादीतल्या दवाखान्यात गेलात, तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, रेशनकार्ड दाखवलं, की तुम्ही योजनेत. लोकांच्या दृष्टीने ही सोय चांगलीच होती. पण ज्याच्यावर ॲडमिट व्हायची वेळच आली नाही, त्याला आपण योजनेत आहोत हे कळायचं कसं? सर्वेक्षणवाला दारात येऊन विचारतो तेव्हा तो 'नाही' म्हणणार. म्हणून या सर्वेक्षणातला महाराष्ट्राचा विम्याचा आकडा मी 'योजनेची जाणीव किती' म्हणून वाचते. पात्रता किती हे त्यातून निघत नाही. आणि खरं सांगायचं तर जाणीव हाच आकडा जास्त महत्त्वाचा आहे. आपल्याला योजना लागू आहे हे ज्या बाईला ठाऊक नाही, ती पोटात दुखायला लागल्यावर आधी सोनाराकडे जाते.

तारखांचाही एक घोळ होतो. आयुष्मान भारतची जन आरोग्य योजना सुरू झाली २३ सप्टेंबर २०१८ला. सर्वेक्षण संपलं त्याच वर्षी जूनमध्ये. तरी हे आकडे देऊन 'आयुष्मान भारत आल्यावरही ८६ टक्के लोक विम्याविना' अशी वाक्यं मी छापलेली पाहिली आहेत. उलट बाजूचे लोक राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचा, २०१९-२१चा, ४१ टक्क्यांचा आकडा पुढे करतात आणि म्हणतात, बघा, विमा १४ वरून ४१ वर गेला. काळ पुढचा आहे, वाढ झालीही असेल. पण मोजमापच वेगळं आहे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, जे मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून होतं, ते विचारतं की घरातल्या कुणाही एका सदस्याला विमा किंवा योजना आहे का. एनएसएस प्रत्येक माणसाचं वेगळं विचारतं. सहा जणांच्या घरात एकट्या मुलाला कंपनीचा विमा असेल तर पहिल्या सर्वेक्षणात ते अख्खं घर विमाधारक, दुसऱ्यात सहातला एक. कुटुंब सर्वेक्षणाची तुलना करायची तर त्याच्याच चौथ्या फेरीशी करा. तेव्हा आकडा सुमारे २९ टक्के होता.

एनएसएसच्या स्वतःच्या दोन फेऱ्यांची तुलनाही डोळे मिटून करू नये. आधीची ७१वी फेरी जानेवारी ते जून २०१४ अशी सहा महिन्यांची होती. १५ दिवसांत आजारी पडलेल्यांचं प्रमाण तेव्हा ग्रामीण ८.९ आणि शहरी ११.८ टक्के होतं, ७५व्या फेरीत ६.८ आणि ९.१. लोक कमी आजारी पडायला लागले असा निष्कर्ष लगेच काढतात. एका फेरीत पावसाळा आहे, दुसरीत नाही. डेंगी, हिवताप, जुलाब यांच्या दिवसांत कुणी विचारलं आणि कुणी नाही, हे बघितल्याशिवाय त्यावर बोलूच नये. युनिट डेटात उपफेरी, म्हणजे वर्षाच्या कोणत्या तुकड्यात माहिती घेतली ते, दिलेली आहे, त्यामुळे ७५व्या फेरीतले जानेवारी-जूनचे तेवढे लोक वेगळे काढून बघता येतात. अहवाल वाचणाऱ्याला हे जमत नाही, डेटा वापरणाऱ्याला जमतं.

आजारपणाने कंबरडं मोडलेली घरं किती, म्हणजे घरखर्चाच्या १० टक्क्यांहून किंवा २५ टक्क्यांहून जास्त पैसा दवाखान्यात गेलेली घरं, हा हिशोबही यातून करतात. भाजक इथे कच्चा आहे. घराचा महिन्याचा खर्च या शेड्यूलमध्ये मोजक्या प्रश्नांत उरकलाय. उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणात तोच खर्च धान्यापासून चपलेपर्यंत वस्तूवार विचारतात. थोडक्यात विचारलं की माणूस कमी सांगतो, घरखर्च लहान दिसतो आणि दवाखान्याचा वाटा मोठा. २०२२-२३च्या उपभोग सर्वेक्षणातून हाच आकडा काढून शेजारी ठेवावा.

माझी सर्वांत मोठी तक्रार वारंवारतेची आहे. १९८६-८७, १९९५-९६, २००४, २०१४, २०१७-१८ आणि त्यानंतर थेट जानेवारी ते डिसेंबर २०२५ची ८०वी फेरी. मधे कोविड होऊन गेला. एप्रिल-मे २०२१ मध्ये लोकांनी ऑक्सिजनच्या खाटेसाठी किती दिले, रेमडेसिव्हिरला किती दिले, काय विकलं, याची नोंद या मालिकेत नाही आणि आता होणारही नाही, कारण नवी फेरी विचारणार ३६५ दिवसांपुरतंच. दुसरीकडे राष्ट्रीय आरोग्य लेखे, म्हणजे देशाच्या आरोग्यखर्चाचा सरकारी ताळेबंद, सांगतात की एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मधल्या ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. कुटुंबांच्या खर्चासाठी त्या लेख्यांचा मुख्य आधार हीच ७५वी फेरी, पुढे ताणून नेलेली. सरकारचा खर्च वाढला हे खरं आहे आणि ते चांगलंच झालं. पण दुसऱ्या लाटेच्या वर्षातला घरांचा खर्च २०१७-१८च्या उत्तरांवरून काढलाय, हे त्या ३९.४ शेजारी प्रत्येक वेळी लिहायला हवं. मी वर्गात फळ्यावर लिहिते.

दुसरी तक्रार भाषेची. पोर्टलवर शेड्यूल, सूचना, लेआउट, सगळं इंग्रजीत. उत्तरं मंगळवेढ्याच्या आईने मराठीत द्यायची आणि प्रश्न काय होता हे तिला वाचता येऊ नये, हे मला पटत नाही. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालयही या फेऱ्यांत राज्याचा नमुना घेतं. त्यांनी प्रश्नावली मराठीतून प्रसिद्ध करावी, खर्च काहीच नाही.

सुरुवात करणाऱ्यांना सांगायचं तर जिल्ह्याचा आकडा काढायच्या मोहात पडू नका. सोलापूर जिल्ह्यात किती लोकांना विमा, असं मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. नमुना त्यासाठी नाही. राज्याचा काढा, फार तर एनएसएसच्या प्रदेशांचा. महाराष्ट्राचे त्यांनी सहा केलेत, कोकण वेगळं, विदर्भाचे दोन तुकडे. गोव्याचा नमुना लहान, तिथे ग्रामीण-शहरी, सरकारी-खासगी असे चार तुकडे पाडले की हातात मूठभर केसेस उरतात. प्रत्येक आकड्याबरोबर किती नोंदींवरून काढला ते लिहा. आणि आरला हात लावण्याआधी अहवाल ५८६च्या शेवटी जोडलेलं शेड्यूल छापून घ्या, घरात ज्याने शेवटचं दवाखान्याचं बिल भरलं त्याच्यासमोर बसा आणि सातवा भाग पेन्सिलने भरा.